कंठमोहरवाल्यांची स्कूटर

वरची धनगरवस्ती, मार्गासनी
१६ जून २०२५

सोजराअक्का,

नमस्कार घे. घेणार न्हाईस हे मला ठाऊक हाय, तरी पत्रात ठेवलाय. लागंल तवा काढून घे.

मोबाईलवर तू मला ब्लॉक केलंस. शेफालीच्या मोबाईलवरनं लावला तर पोरीलाबी केलंस. मग यांच्या मोबाईलवरनं लावला. दाजींनी उचलला आणि म्हणाले, "सोजरा दुकानात न्हाई." मागनं तुझाच आवाज आला, "तालुक्याला गेलीय म्हणून सांगा." तवा म्या ठरवलं, आता पत्रच टाकायचं. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं न्हाई.

तुला झालेलं सगळं ठाऊक न्हाई. अर्ध्यातनं ऐकलंस आणि रागावलीस. म्हणून पयल्यापासनं सांगते.

गेल्या मार्गशीर्षात मी सारोळ्याला आले होते. घसा बसला होता. तुझ्या दुकानातनं कंठमोहर गोळ्यांची दोन पाकिटं घेतली. तू पैसे घेईनास. माझ्याकडं नवा मोबाईल, शेफालीनं स्कॅन करायला नुकतंच शिकवलेलं. मला लई हौस. म्या केलं स्कॅन, आणि तुझ्या गल्ल्यावरचं ते मशीन खणखणीत बोललं, "वीस रुपये प्राप्त झाले." दुकानात गिऱ्हाईक भरलेलं. तू म्हणालीस, "सख्ख्या बहिणीचे पैसे घेते व्हय मी? चार माणसांत नाक कापलंस माझं." हा तुझा पयला राग. तेवढा राग मी समजू शकते. मशीनचा आवाज जरा मोठाच होता.

घरी आल्यावर शेफालीनं पाकिटाची पाठ वाचली. "खणखणीत आवाज स्पर्धा. पाकिटावरचा कोड टाका, तुमच्या आवाजाचा व्हिडिओ पाठवा, इलेक्ट्रिक स्कूटर जिंका." म्हणाली, "मम्मी, तू गजरीला हाक मारतेस ना, तीच मार."

गजरी आमची म्हस. दुपारची ती पार पलीकडच्या डोंगराला चरत असती, आणि हे तिच्या मागं. मी टेपावर, घरामागच्या उंचवट्यावर, उभी राहून हाळी दिली, "गजरेऽऽऽ, ये गंऽऽऽ!" शेफालीनं व्हिडिओत पलीकडचं जवळ आणून दाखवलं. गजरीनं मान वर केली, आणि तिच्याबरोबर झाडाखाली आडवे झालेले शेफालीचे पप्पाबी धडपडून उठून बसले. आता मला नवऱ्याचं नाव घ्यायची सवय न्हाई. मी म्हशीला हाक मारते, येतात दोघंबी.

अक्का, तो व्हिडिओ लई लोकांनी बघितला. संक्रांतीनंतर कंपनीच्या पानावर माझा फोटो आला, डोक्यावर मुकुट काढलेला: "प्रथम क्रमांक, सौ. रत्ना धनाजी ढेबे." आमी वस्तीत पेढे वाटले. सासूबाईंनी जाहीर केलं, "स्कूटरवर मागं पयली मी बसणार." सत्तरी उलटलेल्या ठकुबाई, पर आवाज माझ्यावर वरताण.

पुढं काय न्हाई. फोन केला की, "प्रोसेस चालू आहे मॅडम." मग पान गायब झालं. मग एक दिवस कुरिअरवाला खोकं घेऊन आला. आत कंठमोहरची पाकिटं, काठोकाठ, आणि चिठ्ठी: "तांत्रिक कारणाने स्पर्धा रद्द. ही भेट स्वीकारावी." आता वस्तीतल्या शेरडांनासुद्धा खोकला यायची सोय न्हाई, इतक्या गोळ्या झाल्या.

शेफालीनं १९१५ नंबरला तक्रार केली. तो ग्राहकांसाठीचा सरकारी नंबर हाय. तिथल्या बाईनं नीट विचारलं, माल कुठं घेतला. म्या खरं ते सांगितलं: बहिणीच्या दुकानात, सारोळ्याला. कंपनीनं तिकडं कळवलं की "भेट दिली, तक्रार मिटली", आणि हिकडं त्यांचा सेल्समन तुझ्या दुकानात येऊन नाचला, माल बंद करीन म्हणाला. हा तुझा दुसरा राग. तो मात्र चुकीच्या पत्त्यावर आलाय अक्का. त्याच्यावर काढायचा तो माझ्यावर काढलास.

आता थोडक्यात मागणं. भोरला कुंडलिकराव म्हणून एक हायेत. कॉलेजात कॉमर्स शिकवून निवृत्त झालेले. बाजाराच्या दिवशी लोकांच्या ग्राहक-तक्रारी फुकट बघतात. ते म्हणाले, "पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वकील पायजेच असं न्हाई, एवढ्या किमतीच्या तक्रारीला फीबी न्हाई. बक्षीस द्यायचं मनात नसताना बक्षीस जाहीर करून माल खपवायचा, याला कायद्यात नाव हाय: अनुचित व्यापारी प्रथा. पर आधी तुमी गिऱ्हाईक हाय हे दाखवा. पाकीट विकत घेतलं ते."

तर तू एक लिहून दे. "रत्नानं माझ्या दुकानातनं कंठमोहर विकत घेतलं." बस.

तुझी
रत्ना


वरची धनगरवस्ती
२१ ऑगस्ट २०२५

सोजराअक्का,

पत्राचं उत्तर न्हाई. पर पत्र परतबी आलं न्हाई. म्हणजे तू घेतलंस. म्हणजे वाचलंस. तुला मी वळखते, तू पुडी बांधायच्या पेपराचीबी दोन्ही बाजू वाचतेस.

तक्रार दाखल झाली. शेफालीनं भोरच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडं बसून भरली, मी शेजारी बसून घाम पुसत होते. पाकिटाचा कागद, मुकुटाच्या पानाचा फोटो (पोरीनं आधीच काढून ठेवला होता, तिच्या आज्जीला दाखवायला म्हणून), कंपनीची चिठ्ठी, मोबाईलवरचे पैसे गेल्याचं, सगळं जोडलं. आधी त्यांना रजिस्टरनं नोटीस दिली होती. तिला उत्तर आलं न्हाई. आता आयोगाचं बोलावणं गेल्यावर मात्र आलं, चांगलं पानभर.

कुंडलिकरावांनी वाचून दाखवलं. कंपनी म्हणती, स्पर्धा फुकट होती, म्हणून ही बाई आमची ग्राहकच न्हाई. विकत घेतल्याचा पुरावा न्हाई. वीस रुपये गेलेत ते सख्ख्या बहिणीला, ते कशाचेबी असतील. आणि शेवटाला म्हणती, "सदर आवाज यंत्राच्या साहाय्याने वाढवलेला असण्याची दाट शक्यता आहे."

पयल्यांदा मी हसले. मग मार्गासनीपर्यंत टेम्पोत मनातल्या मनात कंपनीशी भांडत आले. अक्का, तू सांग, आपल्या आवाजाला कसलं यंत्र? आई आपल्याला एका डोंगरावरनं बोलवायची आणि आपण दुसऱ्यावरनं व्हय म्हणायचो. तुझा आवाज माझ्याहून लांब जायचा. लग्न होऊन दुकानात बसलीस आणि "किती देऊ, सुटे हायेत का" एवढ्यातच तो अडकला.

असो. हिकडं मजा चाललीय. स्कूटर यायच्या आधीच मला सगळे स्कूटरवाली म्हणायला लागलेत. अंगणवाडीच्या बाईंची स्कूटर मागून घेऊन मी शिकतेय. हे मागनं पळत येतात, "ब्रेक, ब्रेक" ओरडत. पयल्या दिवशी मी थेट नाचणीत गेले. सासूबाई बांधावर बसून म्हणाल्या, "नाचणी गेली तर जाऊ दे, वळवायला शीक." आता वस्तीवरनं खाली शाळेपर्यंत जाऊन येते. सिमेंटचा रस्ता झाल्यापासनं तेवढं जमतंय. दूध डोक्यावर न्यायचं ते मागं कॅन बांधून न्यायचं, असं ठरवून ठेवलंय. गुडघ्याचं डॉक्टरनं काय सांगितलं ते लिहीत न्हाई, तू उगाच काळजी करशील. की करणार न्हाईस?

विकत घेतल्याचा पुरावा पायजे, अक्का. कुंडलिकराव म्हणतात, दुकानदारानं प्रतिज्ञापत्र दिलं तर कंपनीला बोलायला जागा राहत न्हाई.

सेल्समन अजून त्रास देतोय का? दाजींना माझा नमस्कार सांग. त्यांना तरी चालतो.

रत्ना


वरची धनगरवस्ती
२७ ऑक्टोबर २०२५

सोजराअक्का,

दिवाळी झाली. तुझ्याकडनं करंज्या आल्या न्हाईत, माझ्याकडनं चकल्या गेल्या त्या परत आल्या न्हाईत. डबाबी न्हाई. डबा ठेव, चांगलं झालं.

आयोगात मध्यस्थी म्हणून असती. निकालाआधी दोघांना बसवून बघतात, मिटतंय का. आमी गेलो. कंपनीचा वकील तरणा, लई गोड बोलणारा. मला मावशी म्हणाला. म्हणाला, "मावशी, थोडी रक्कम घ्या आणि मिटवून टाका. स्कूटर घेऊन डोंगरात काय करणार?"

म्या विचारलं, "तुमी डोंगर बघितलाय का?"

"नाही."

"मग तुमाला कसं कळलं, डोंगरात काय करतात?"

खरं सांगते अक्का, मन डळमळलं होतं. रक्कम वाईट नव्हती, आणि पुण्याला खेपा घालायच्या म्हणजे एक माणूस कामातनं जातं. यांनी कानात सांगितलंबी, "तुला पटंल ते कर. पर घेतलीस तरी कुणी नावं ठेवणार न्हाई." मी सही करायच्या बेतात होते म्हण.

तेवढ्यात भूक लागली म्हणून आमी खाली चहाला गेलो. टपरीवर एक पोरगं मोबाईलवर कायतरी बघत होतं, आणि त्यातनं मी ओरडले, "गजरेऽऽऽ, ये गंऽऽऽ!" माझ्या हातातला चहा सांडला. कंठमोहरची जाहिरात! माझा आवाज, खाली पाकीट, आणि "घसा मोकळा, आवाज आगळा." म्हस आमची न्हाई, कुठली तरी चित्रातली. हे म्हणाले, "गजरीचं नाव घेतलंय आणि दाखवलीय दुसरीच!" त्यांना त्याचाच राग जास्त.

आता बघ. स्पर्धा रद्द, आवाज यंत्राचा, बाई ग्राहक न्हाई. आणि त्याच बाईच्या आवाजावर माल खपवायचा. शेफालीनं ती जाहिरात तिथल्या तिथं उतरवून घेतली. वर जाऊन मी वकिलाला म्हटलं, "मिटवायचं न्हाई. स्कूटर जाहीर केली ती स्कूटर पायजे." तो म्हणाला, "मावशी, वेळ लागेल." म्या म्हटलं, "लागू दे. आमच्याकडं म्हस गाभण राहिली तरी दहा महिने थांबतो."

 बाहेर आल्यावर असं मोकळं वाटलं की सगळ्यांना भेळ खाऊ घातली. सासूबाईंसाठी बांधून आणली ती गाडीत यांनीच संपवली.

जाहिरात तुझ्या दुकानातबी कुणीतरी वाजवली असंलच. ऐकून काय वाटलं तुला?

रत्ना


वरची धनगरवस्ती
९ जानेवारी २०२६

सोजराअक्का,

पुढच्या शुक्रवारी पुण्याला तारीख हाय. दोन्ही बाजूंचं बोलणं त्याच दिवशी. तुझं लिहून आलेलं न्हाई. हे चौथं पत्र आणि शेवटचं मागणं. यापुढं पत्रात मागणं न्हाई, नुसती खुशाली.

तू भीत असशील तर समजते. दाजी सांगत होते, सेल्समन म्हणाला, कोर्टात उभी राहिलीस तर एकबी कंपनी माल देणार न्हाई. दुकान तुझं पोट हाय. माझ्या स्कूटरपायी त्याला धक्का लागावा असं मला वाटत न्हाई. तवा यायला जमलं न्हाई तर येऊ नकोस. मी हरले तरी तुझ्यामुळं हरले असं कुणाला सांगणार न्हाई.

शेफाली म्हणती, हे पत्र पाठवू नको, मावशीला वाईट वाटंल. म्या म्हटलं, वाटू दे थोडं.

रत्ना


वरची धनगरवस्ती
१७ जानेवारी २०२६

अक्का, माझे अक्का!

तू आलीस, बोललीस आणि एस.टी. चुकंल म्हणून निघून गेलीस. माझ्याशी एक शब्द न्हाई. शेफालीच्या हातात चिवड्याचा डबा दिलास (माझाच डबा!) आणि गेलीस. पुढचं तुला ठाऊक न्हाई, ते सांगायलाच बसलेय. पर आधी तुझंच सांगू दे. तू केलंस ते तुला मागनं कुठं दिसलं? मला दिसलं.

तो वकील उभा राहून म्हणत होता, "बहिणी बहिणींत पैशांची देवाणघेवाण कशासाठीही होते. त्यावरून खरेदी सिद्ध होत नाही." कुंडलिकराव चष्मा पुसत होते.  आणि दार उघडलं. ठेवणीतली जांभळी साडी, हातात पिशवी, कपाळाला घाम.

अध्यक्ष मॅडमनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी दुकानदार," तू म्हणालीस. "हिची थोरली बहीणबी हाय, पर आज दुकानदार."

"प्रतिज्ञापत्र आणलंय?"

"आणलंय. भोरला जाऊन शिक्का मारून. तुमी म्हणाल त्याच्याकडं देते. पर कागदात राग लिहिता येत न्हाई, म्हणून सोता आले."

"कसला राग?"

"हिनं गोळ्यांचे पैसे दिले, त्याचा! मी घेत नव्हते. पाठच्या बहिणीकडनं पाकिटाचे पैसे घेऊ का मी? हिनं मोबाईल लावला, आणि भरल्या दुकानात मशीन ओरडलं, वीस रुपये प्राप्त झाले. अजून गिऱ्हाईक मला चिडवतंय."

वकिलानं विचारलं, "म्हणजे गोळ्यांचे पैसे तुम्हाला मिळाले, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य?" अक्का, तुझा आवाज असा वर गेला की शिपाई दारात डोकावला. "अहो, त्याच पायी मी वर्षभर हिच्याशी बोलत न्हाई! आणि ऐका, तुमचा माणूस मला दम देऊन गेला, माल बंद करीन म्हणून. कर म्हणावं. तुमच्या गोळ्या न्हाई ठेवल्या तर सारोळ्यात कुणी मुकं व्हायचं न्हाई."

मॅडमनी मान खाली घालून लिहायला घेतलं. पेन मधेच थांबलं. खांदे हलत होते त्यांचे. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "नोंद घेतली. बसा बाई." तू बसली न्हाईस. "दुकान बंद हाय माझं," म्हणालीस, आणि निघालीस.

आता पुढचं. वकील मग यंत्राच्या मुद्द्यावर आला. शेफालीनं उठून जाहिरात दाखवली. मॅडम म्हणाल्या, "आवाज बनावट असेल तर तुमची कंपनी तो जाहिरातीत का वापरते? आणि खरा असेल तर बक्षीस का देत नाही? दोन्हींपैकी एक सांगा." तो कागद चाळायला लागला.

सासूबाई माझ्या शेजारी होत्या. मी नको म्हणत असताना डबा बांधून आल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, "खरा हाय का खोटा ते हितंच बगा की. रत्ने, दे हाळी." मी खरंच उभी राहिले, पदर खोचला. मॅडमनी दोन्ही हात वर केले. "नको, नको! शेजारी दुसरी सुनावणी चालू आहे."

निकाल राखून ठेवलाय. कळवतील.

आणि हाळी द्यायचं राहिलं म्हणून वाईट वाटत होतं, तर ते स्वारगेटला निघालं. गर्दीत सासूबाई दिसेनाशा झाल्या. शेफाली एकीकडं पळाली, मी दुसरीकडं. शेवटी पायऱ्यांवर चढले आणि म्या घेतला श्वास, "आत्याबाईऽऽऽ!" अक्का, अख्खं स्टँड वळलं. एक कंडक्टर शिट्टी तोंडात धरून तसाच उभा. लांब रसवंतीपाशी सासूबाईंचा हात वर झाला, हातात रसाचा गिलास. आणि कुणीतरी ओरडलं, "अरं, ही ती गजरीवाली बाई!" मग काय, लोकांनी फोटो काढले. भोरच्या गाडीत आमाला बसायला जागा दिली.

गाडीत मी रडले. शेफालीला वाटलं दमले. तू वर्षानं दिसलीस, केस लई पांढरे झालेत तुझे. आणि माझी बाजू घेऊन भांडत होतीस, माझ्यावरच रागावून. असं फक्त तुलाच जमतं.

सेल्समनचं काय झालं ते कळव.

तुझी
रत्ना


वरची धनगरवस्ती
१२ मार्च २०२६

अक्का,

आता तू फोन उचलतेस, तरी हे पत्रातच लिहिते. फोनवर मधेच तुझं गिऱ्हाईक येतं आणि माझी गोष्ट तुटती.

काल निकालाचा कागद हातात आला. कुंडलिकरावांनी आमच्या ओसरीवर बसून वाचला. ते भोरहून मुद्दाम वर आले होते, धापा टाकत. सगळी वस्ती जमली होती. हे गजरीला घेऊन आले, म्हणाले, तिचं नाव हाय कागदात, तिनं ऐकलं पायजे. आणि खरंच हाय! "तक्रारदाराने 'गजरी' नामक म्हशीस मारलेली हाक" असं लिहिलंय. यांनी ती वळ दोनदा वाचून घेतली.

आयोगानं म्हटलंय: पाकीट विकत घेऊनच स्पर्धेत जाता येत होतं, म्हणून स्पर्धा फुकट नव्हती. रत्ना ढेबे ग्राहक हायेत. दुकानदार बहिणीचं म्हणणं विश्वास ठेवण्याजोगं हाय, कारण ते सांगताना तिला बहिणीचा फायदा करायचा होता असं दिसलं न्हाई. अक्का, हे वाचल्यावर कुंडलिकरावांना पाणी प्यावं लागलं, इतके हसले. बक्षीस जाहीर करून न देणं ही अनुचित प्रथा हाय. ठरलेली स्कूटर द्या, झालेल्या त्रासाची भरपाई द्या, आणि बाईंच्या परवानगीशिवाय तिचा आवाज वापरू नका.

कंपनी वर अपील करणार न्हाई म्हणे. कालच फोन आला, लई नरम. स्कूटर पाडव्याच्या आधी नसरापूरला आणून देतो म्हणाले. आणि जाहिरात चालू ठेवायला परवानगी मागत होते. म्या म्हटलं, "बाकीच्या जिंकलेल्यांचं काय?"  दुसरा नंबर हर्णैच्या एका मासळी विकणाऱ्या बाईंचा होता, मिक्सर लागला होता त्यांना. शेफालीनं त्यांना शोधून काढलं. मी फोनवर बोलले. अक्का, काय आवाज! मोबाईल हातभर लांब धरून ऐकला. त्यांना सगळं सांगितलं: १९१५, नोटीस, तक्रार कशी भरायची. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं पाकीट न्हाई राहिलं, पण घरवाल्यानं पैसे मोबाईलनं दिले होते." म्या म्हटलं, "झालं मग. फक्त दुकानदार रागीट हाय का बघा."

कंपनीला सांगितलं, सगळ्यांची बक्षिसं पोचवा, मग माझ्या आवाजाचं बोला. विचार करतो म्हणाले. करू दे.

दूध घालायला आता सकाळी चालत जायचं ते शेवटचेच दिवस. पाय दुखतात पर आज दुखल्यासारखे वाटले न्हाईत. सासूबाईंनी नवं लुगडं काढून ठेवलंय. हे म्हणतात, पयली मी बसणार. दोघांचं भांडण लागलंय, मी मधे पडत न्हाई.

पाडव्याला सारोळ्याला येते. स्कूटरवरनं. रस्त्यानं सावकाश, कडेकडेनं. दाजींना सांग, पुरणपोळी जास्त कर म्हणावं. तूच करणार हे ठाऊक हाय, पर त्यांना सांगायला बरं वाटंल.

तुझी
रत्ना


सारोळे
२४ मार्च २०२६

चि. रत्नास,

मला पत्र लिहायची सवय न्हाई. दुकानातल्या कागदावर लिहितेय, तेलाचा डाग पडलाय, तो पत्राचा भाग समजू नकोस.

तू पाडव्याला येऊन गेलीस. रात्री पाऊण तास गप्पा मारून झोपलीस, आणि सकाळी बॅटरी चार्ज होईना म्हणून स्कूटर हितंच ठेवून एस.टी.नं गेलीस. बॅटरीला काय झालं नव्हतं. म्या प्लगचं बटण बंद केलं होतं. हे तुला फोनवर सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस आणि तुझा आवाज हितं बाहेर ऐकू आला असता, म्हणून लिहिते.

कारण असं की तू मला दुकानामागच्या मोकळ्या जागेत दोन चकरा मारायला लावल्यास, आणि "बास, बाकीचं पुढच्या वेळी" म्हणालीस. तू धाकटी, मला बास म्हणायला लागलीस. मला राग आला.

तर तू गेलीस आणि दुपारी हे झोपल्यावर मी चावी घेतली. आधी मागच्या जागेत. मग देवळापर्यंत. मग परत. थांबवायचं नीट जमेना म्हणून देवळाला चार फेऱ्या झाल्या. आतला पुजारी बाहेर येऊन म्हणाला, "सोजराबाई, नवस फेडताय का?" म्या म्हटलं, "व्हय." माहेरी डोंगरात म्हशी वळवायच्या त्या आपण दोघी, आणि हे यंत्र मला वळवंना, ही लाजच की.

आज पाचव्या दिवशी सकाळी नदीच्या पुलावर गेले. ट्रक जातात तिकडनं न्हाई, कडंनं. खाली पाणी चकाकत होतं. वाऱ्यानं पदर सुटला तरी मी हात सोडला न्हाई. पुलाच्या मधोमध पुणे जिल्हा संपतो आणि सातारा लागतो. एस.टी.त बसून कितीदा गेले असंन, पर कुणीतरी नेलंय म्हणून गेले. आज मी गेले. पलीकडं टोकाला थांबले (आता थांबता येतं), पाय टेकले आणि सातारा जिल्ह्यात उभी राहून पाच मिनिटं नुसती हसत बसले. एक कलिंगडवाला विचारत होता, "काय झालं आज्जी?" म्या म्हटलं, "आज्जी तुझी घरी असंल. कलिंगड कसं दिलंस?"

कलिंगड पायाशी ठेवून परत आले. ह्यांनी विचारलं कुठनं आणलंस, म्या सांगितलं परजिल्ह्यातनं.

माल बंद करणार होता तो सेल्समन परवा आला होता. कंठमोहरचे दोन डबे ठेवा म्हणाला, आता ताई तुमची बहीण फेमस झाली. म्या ठेवले. रोख पैसे देऊन, पावती मागून घेतली.

स्कूटर न्यायला गुरुवारी ये. सासूबाईंना आणू नकोस, त्यांना पुढच्या खेपेला. शिरवळच्या बाजाराला जाऊ. जांभळी साडी मी नेसणार हाय, तू दुसरी नेस.

आणि मागं तू बसायचंस. चालवणार मी.

तुझी अक्का
सोजराबाई